छायाचित्रातील नावे

जयपूर शहराच्या मध्यभागी, सिटी पॅलेसच्या आवारात, महाराजा सवाई मानसिंह (द्वितीय) यांच्या नावाचे एक वस्तुसंग्रहालय आहे. १९५९ साली स्थापन झालेल्या या संग्रहालयात काचेच्या छायाचित्रपट्ट्यांचा एक मोठा संग्रह जपून ठेवलेला आहे. पट्ट्यांची संख्या दोन हजारांच्या आसपास आहे. १८३५ ते १८८० या काळात जयपूरच्या गादीवर असलेले महाराजा सवाई रामसिंह (द्वितीय) यांना छायाचित्रणाचा मोठा छंद होता आणि हा संग्रह मुख्यतः त्यांच्याच हातचा व त्यांच्याच काळातला आहे.

त्या काळी छायाचित्र घेणे हे कष्टाचे काम होते. काचेवर कलोडियनचा चिकट थर द्यायचा, ती काच चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात बसवायची आणि थर वाळण्यापूर्वी, म्हणजे दहा-पंधरा मिनिटांच्या आत, अंधाऱ्या खोलीत नेऊन धुवायची. एवढा खटाटोप करून या राजाने स्वतःची, दरबारी मंडळींची, पाहुण्यांची छायाचित्रे घेतली. त्याहून विशेष म्हणजे, ज्यांचा चेहरा परपुरुषाच्या दृष्टीस पडत नसे अशा जनानखान्यातील स्त्रियांचीही छायाचित्रे त्याने घेतली. खुर्चीवर ताठ बसलेल्या, थेट कॅमेऱ्याकडे पाहणाऱ्या या स्त्रियांचे चेहरे दीडशे वर्षांनंतरही स्पष्ट दिसतात. परंतु त्यांतील अनेक स्त्रिया कोण होत्या, हे आज निश्चितपणे सांगता येत नाही. छायाचित्र घेतले त्या दिवशी ते घेणाऱ्याला आणि आजूबाजूच्या सर्वांना त्यांची नावे ठाऊकच होती. जे सर्वांना ठाऊक असते ते लिहून ठेवण्याची गरज कोणाला वाटत नाही, आणि अभ्यासकांना आज हीच अडचण भोवते आहे.

याच सुमारास इंग्रज सरकारच्या वतीने ‘द पीपल ऑफ इंडिया’ हा आठ खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध होत होता. जॉन फोर्ब्स वॉटसन आणि जॉन विल्यम के यांनी संपादित केलेले हे खंड १८६८ ते १८७५ या काळात निघाले. त्यांत हिंदुस्थानातील निरनिराळ्या प्रांतांतील माणसांची साडेचारशेहून अधिक छायाचित्रे आहेत. येथे चित्रांखाली मजकूर नाही असे नाही. उलट तो भरपूर आहे. मात्र बहुतेक ठिकाणी तो माणसाचे नाव सांगत नाही. त्याची जात, जमात वा धंदा सांगतो. समोर बसलेला मनुष्य हा कोणी एक मनुष्य न राहता एका वर्गाचा नमुना होतो. म्हणजे जयपूरच्या काचपट्ट्यांवर चेहरा आहे पण नोंद नाही, आणि या खंडांत नोंद आहे पण नाव नाही.

हा भेद आपण ध्यानात ठेवू, कारण आजच्या आपल्या विषयाचे ते दोन मुख्य भाग आहेत. छायाचित्र कशाविषयी आहे हे सांगणाऱ्या शब्दाला संगणकाच्या व्यवहारात ‘कीवर्ड’ म्हणतात; मराठीत आपण त्याला सूचकशब्द म्हणू. छायाचित्रातील अमुक चेहरा अमुक व्यक्तीचा आहे अशी जी खूण केली जाते तिला ‘फेस टॅग’ म्हणतात. आपण तिला नामखूण म्हणू. सूचकशब्द वर्ग सांगतो, नामखूण व्यक्ती सांगते. चांगल्या संग्रहाला दोन्ही लागतात आणि एकाचे काम दुसऱ्याकडून करून घेऊ नये.

राजवाड्यातून निघून आता शहराच्या वायव्येला जाऊ. तेथे झोटवाडा नावाची मोठी वस्ती आहे. कारखाने, दुकाने आणि त्यांच्या आधाराने वाढलेल्या वसाहती असे तिचे स्वरूप आहे. अशा वसाहतीत नोकरीनिमित्त येऊन स्थायिक झालेले एक मराठी कुटुंब कल्पनेने डोळ्यांसमोर आणू. घरात लोखंडी पेटीत ठेवलेले तीन-चार जुने अल्बम आहेत. त्यांत साताऱ्याकडील लग्नांची कृष्णधवल चित्रे आहेत, पुढे जयपुरात काढलेली रंगीत चित्रे आहेत. त्यानंतरची हजारो छायाचित्रे मुलांच्या मोबाइलमध्ये आणि एका जुन्या संगणकात विखुरलेली आहेत. थोरल्या मुलाने अल्बममधील चित्रे स्कॅन करून घेतली. आता सर्व मिळून आठ-दहा हजार चित्रे झाली. त्यांतून आजोबांचे चांगले चित्र हवे असेल तर ते शोधायचे कसे? आणि आजोबांच्या शेजारी उभा असलेला तो फेटेवाला मनुष्य कोण, हे सांगणारी घरात आता केवळ आजी उरली आहे. तिचे वय चौऱ्याऐंशी आहे. या कामाला किती अवधी आहे, याचा अंदाज यावरून यावा.

प्रथम छायाचित्राच्या फाइलमध्ये काय असते ते पाहू. आपण मोबाइलने चित्र काढतो तेव्हा फाइलमध्ये केवळ चित्र साठत नाही. त्याच्या जोडीला तारीख, वेळ, कॅमेऱ्याचे नाव, प्रकाशासंबंधीचे आकडे आणि सोय चालू असल्यास ठिकाणाचे अक्षांश-रेखांश अशी माहितीही साठते. चित्राविषयीच्या या माहितीला ‘मेटाडेटा’ किंवा अधिमाहिती म्हणतात. कॅमेऱ्याने आपोआप लिहावयाच्या माहितीची ‘एक्झिफ’ नावाची पद्धत जपानमधील उद्योजकांच्या संघटनेने १९९५ मध्ये ठरवली. माणसाने लिहावयाची माहिती, म्हणजे शीर्षक, वर्णन, सूचकशब्द यांची पद्धत मुळात वृत्तपत्रसृष्टीतून आली. वृत्तसंस्थांना रोज येणाऱ्या शेकडो चित्रांतून नेमके चित्र काढावे लागे. म्हणून ‘आयपीटीसी’ या त्यांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने १९९० नंतर त्यासाठी ठरावीक रकाने आखून दिले. पुढे २००१ मध्ये अडोबी कंपनीने ‘एक्सएमपी’ ही अधिक मोकळी पद्धत आणली आणि आज बहुतेक आज्ञावल्या ती वाचतात. ही सारी नावे पाठ करण्याचे कारण नाही. एवढे समजले तरी पुरे की फाइलच्या पोटात लिहिण्यास जागा असते, आणि तेथे लिहिल्याने चित्राच्या दर्जाला धक्का लागत नाही, कारण लेखनाचा कप्पा चित्राच्या कप्प्याहून वेगळा असतो.

यंत्राने आपोआप लिहिलेल्या माहितीवर मात्र आंधळा विश्वास ठेवू नये. स्कॅन केलेल्या चित्राला यंत्र स्कॅन केल्याची तारीख देते. त्यामुळे १९६८ मधील लग्न संगणकाच्या यादीत गेल्या आठवड्यात लागलेले दिसते! जुन्या डिजिटल कॅमेऱ्यांची बॅटरी उतरली की त्यांचे घड्याळ मूळपदावर जाई आणि सहलीची सारी चित्रे कोणत्या तरी भलत्याच वर्षाच्या १ जानेवारीला काढल्याची नोंद होई. अशा तारखा हाताने दुरुस्त कराव्या लागतात. नेमका दिवस माहीत नसेल तर वर्णनात ‘१९६८ च्या सुमारास’ असे स्पष्ट लिहावे. खोटी नेमकी तारीख घालू नये.

आता सूचकशब्दांकडे वळू. येथे संगणकाच्या ज्ञानापेक्षा मराठी भाषेचे ज्ञान अधिक उपयोगी पडते, असे आमचे मत आहे. संगणक शब्दाचा अर्थ पाहत नाही; बहुधा तो अक्षरांशी अक्षरे जुळवून पाहतो. मराठी ही विभक्तिप्रत्यय लावणारी भाषा आहे. ‘झोटवाडा’ या नामाला प्रत्यय लागताना त्याचे सामान्यरूप होते व आपण ‘झोटवाड्यात’, ‘झोटवाड्याचा’ असे लिहितो. कोणी ‘झोटवाड्यातील घर’ असा सूचकशब्द दिला आणि पुढे दुसऱ्याने ‘झोटवाडा’ असा शोध घेतला, तर पहिल्या सहा अक्षरचिन्हांपुढे दोन्ही शब्दांची फारकत होते व चित्र सापडत नाही. यासाठी सूचकशब्द नेहमी नामाच्या मूळ रूपात, प्रथमेच्या एकवचनात लिहावा. ‘लग्नात’, ‘लग्ने’, ‘लग्नाची वरात’ असे न लिहिता ‘लग्न’ आणि ‘वरात’ असे दोन स्वतंत्र शब्द द्यावेत. व्याकरणाच्या तासाला शिकलेले मूळ रूप आणि सामान्यरूप यांतील अंतर येथे असे प्रत्यक्ष कामाला येते.

शुद्धलेखनाचेही तसेच आहे. गावाच्या नावाअखेरचा ‘पूर’ दीर्घ लिहावा, हा मराठी साहित्य महामंडळाचा नियम आपल्याला परिचित आहे. म्हणून आपण ‘जयपूर’ लिहितो. हिंदीत मात्र ‘जयपुर’ असे ऱ्हस्व लिहितात, आणि जयपुरात राहणाऱ्या मराठी घरातील मुले शाळेत हिंदीच शिकलेली असतात. वडिलांनी दीर्घ लिहिले, मुलीने ऱ्हस्व लिहिले की एकाच शहराची चित्रे दोन ढिगांत विभागली जातात. ‘झोटवाडा’ या नावाची कथा तर याहून मौजेची आहे. हिंदीत ते ‘ड’खाली टिंब देऊन ‘झोटवाड़ा’ असे लिहितात. हे टिंबाचे अक्षर संगणकात दोन रीतींनी साठवता येते: एकतर टिंबासह संपूर्ण अक्षर म्हणून, नाहीतर ‘ड’ आणि टिंब अशी दोन चिन्हे म्हणून. पडद्यावर दोन्ही अगदी एकसारखे दिसतात. परंतु काही आज्ञावल्या त्यांना भिन्न मानतात. म्हणजे एका वस्तीच्या नावाची देवनागरीतच तीन रूपे झाली. रोमन लिपीतील रूपे आणखी वेगळी.

यावर उपाय साधा आहे. एका वहीत सूचकशब्दांची यादी करावी आणि घरातील सर्वांनी तीच पाळावी. ‘लग्न’, ‘विवाह’, ‘शादी’ यांपैकी एकच शब्द निवडावा. कोणता निवडला याला महत्त्व नाही. एकच निवडला याला आहे. ग्रंथालयशास्त्रात ही शिस्त फार जुनी आहे. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये आपली पंचसूत्री मांडली आणि १९३३ मध्ये द्विबिंदू वर्गीकरण प्रसिद्ध केले. वाचकाचा वेळ वाचला पाहिजे, हे त्यांच्या सूत्रांपैकी एक आहे. पुस्तकांच्या जागी छायाचित्रे घातली तरी त्या सूत्रात काही बदलत नाही.

यादी किती मोठी असावी? घरगुती संग्रहासाठी चाळीस-पन्नास शब्द आमच्या मते पुष्कळ झाले. ‘कुटुंब’ हा शब्द निरुपयोगी आहे, कारण तो सर्वच चित्रांना लागतो. ‘काकांची सायकल पडली तो दिवस’ हा सूचकशब्द नव्हे; ते वर्णन आहे आणि त्याची जागा वर्णनाच्या रकान्यात आहे. स्थळांची मात्र उतरंड करावी: राजस्थान, त्याखाली जयपूर, त्याखाली झोटवाडा, महाराष्ट्र, त्याखाली सातारा, त्याखाली वाई. अनेक आज्ञावल्यांत अशी उतरंड एकदा मांडली की खालचा शब्द निवडताच वरचे शब्द आपोआप लागतात.

देवनागरीत लिहिणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आयपीटीसीच्या जुन्या पद्धतीत एका सूचकशब्दाला जास्तीत जास्त ६४ बाइट जागा आहे. रोमन लिपीचे एक अक्षर एका बाइटात मावते. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला आजच्या युनिकोडच्या प्रचलित साठवणीत तीन बाइट लागतात, आणि काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त ही सारी स्वतंत्र चिन्हे धरली जातात. म्हणजे जेमतेम २१ चिन्हे झाली. ‘महाराष्ट्र मंडळाचा गणेशोत्सव’ असे लिहिले तर जुन्या रकान्यात ते ‘महाराष्ट्र मंडळाचा गणे’ येथे तुटते. एक्सएमपी पद्धतीत ही मर्यादा नाही. पण आपली फाइल पुढे कोणत्या आज्ञावलीत उघडली जाईल हे आपल्या हाती नसते. ‘गणेशोत्सव’ आणि ‘महाराष्ट्र मंडळ’ असे दोन आटोपशीर शब्द द्यावेत, हे बरे.

आता चेहऱ्यांविषयी. छायाचित्रातील चेहरा ओळखणारी सोय सामान्य माणसाच्या हाती आली ती २००९ साली. त्या वर्षी ॲपल कंपनीच्या ‘आयफोटो’मध्ये आणि गूगलच्या ‘पिकासा’ या विनामूल्य आज्ञावलीत ती उपलब्ध झाली. यंत्र हे काम दोन टप्प्यांत करते. प्रथम ते चित्रात चेहरा कोठे आहे एवढेच शोधते. मग त्या चेहऱ्याचे रूपांतर आकड्यांच्या एका माळेत करते. २०१५ मध्ये गूगलच्या संशोधकांनी मांडलेल्या एका प्रसिद्ध पद्धतीत ही माळ १२८ आकड्यांची आहे. दोन माळा एकमेकींच्या जवळच्या असतील तर चेहरा एकाच व्यक्तीचा, असे यंत्र मानते व सारखे चेहरे एका गटात घालते. ती व्यक्ती कोण, हे यंत्राला ठाऊक नसते. ते विचारते, आणि नाव आपण द्यायचे असते.

यंत्र चुकते कोठे, हे कळले म्हणजे त्याचा उपयोग चांगला करता येतो. भिंतीवरील तसबिरीतला शिवाजी महाराजांचा चेहरा किंवा दिनदर्शिकेवरील देवीचे मुख त्याला घरातल्या माणसासारखेच वाटते. डोक्यावरून घेतलेला पदर किंवा घूंघट, कपाळ झाकणारा फेटा, जुन्या चित्राचा विटलेला रंग यांनी ते गोंधळते. तान्ह्या बाळांच्या बाबतीत ते सर्व बाळांना एक समजते; याविषयी त्याला फार दोष देण्याचे कारण नाही. आई आणि लेक एकाच वयाच्या असतानाच्या चित्रांत सारख्या दिसल्या तर दोघींना एका गटात घालते. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने २०१९ मध्ये अशा अनेक आज्ञावल्या तपासल्या, तेव्हा चुकांचे प्रमाण वंश, लिंग आणि वय यांनुसार कमी-अधिक असल्याचे त्यांना आढळले. यंत्राने सुचवलेले प्रत्येक नाव माणसाने तपासून मगच पक्के करावे, हे यावरून उघड आहे. एकदा लागलेले चुकीचे नाव निघता निघत नाही. झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंचे म्हणून जे छायाचित्र पुष्कळ ठिकाणी फिरते त्याविषयी अभ्यासकांनी वारंवार शंका घेतली आहे. तरी ते फिरायचे थांबलेले नाही.

नाव कसे लिहावे हा प्रश्न मराठी घरात विशेष बिकट होतो. पुष्कळांच्या मनात येते की ‘आजी’, ‘नानाकाका’, ‘मोठी आत्या’ अशी नावे द्यावीत. घरात आपण तसेच म्हणतो. परंतु नातेवाचक शब्दाचा अर्थ बोलणाऱ्यावर अवलंबून असतो. आज नातू ज्यांना ‘आजी’ म्हणतो त्यांना त्याची मुले ‘पणजी’ म्हणतील, आणि तोवर ‘आजी’ ही खूण त्याच्या आईला लागलेली असेल. शिवाय झोटवाड्यातील शेजारची मुले त्याच आत्याला ‘बुआ’ म्हणतात. म्हणून नामखुणेत व्यक्तीचे पूर्ण नाव लिहावे. घरातले लाडके नाव हवे तर वर्णनात द्यावे.

पूर्ण नाव म्हटले तरी कोणते? आपल्याकडे लग्नानंतर स्त्रीचे आडनाव बदलते, वडिलांच्या नावाच्या जागी पतीचे नाव येते आणि अनेक घरांत तिचे स्वतःचे नावही बदलले जात असे. माहेरी लता रघुनाथ देशपांडे असलेली मुलगी सासरी सुमन माधव जोशी झाली, तर १९६५ च्या शाळेतील चित्रात आणि १९७० च्या बारशाच्या चित्रात ती एकच आहे हे नावांवरून कोणालाही कळणार नाही. यंत्राने कदाचित चेहऱ्यावरून ते ओळखले असते आणि आपण दोन नावे देऊन ते पुन्हा तोडले, असेही घडू शकते. यावर उपाय म्हणजे एका व्यक्तीला सर्व वयांत एकच नामखूण द्यावी आणि तिच्यातच दुसरे नावही नोंदवावे. जसे ‘सुमन माधव जोशी, माहेरची लता देशपांडे’. प्रथम कोणते लिहावे हे, ती व्यक्ती हयात असेल तर, तिलाच विचारावे. कित्येक स्त्रिया याचे जे उत्तर देतात ते घरच्यांना अनपेक्षित असते.

आजीला बसवून नावे विचारताना ती प्रत्येक वेळी खात्रीने सांगेल असे नाही. ‘हा बहुतेक दत्तू, किंवा त्याचा भाऊ’ असे ती म्हणाली तर तसेच लिहावे. नावापुढे प्रश्नचिन्ह घालावे आणि वर्णनात कोणी, केव्हा सांगितले याची नोंद करावी. जी व्यक्ती मुळीच ओळखता येत नाही तिलाही खूण द्यावी: ‘अनोळखी १’, ‘अनोळखी २’. याचा मोठा लाभ असा की तोच अनोळखी मनुष्य दुसऱ्या चार चित्रांत सापडला की तो कोणत्या घरच्या कार्यांना येत असे हे दिसू लागते, आणि पुढे कोणी त्याला ओळखले की एका ठिकाणी नाव बदलताच सर्व चित्रांतील नाव बदलते.

आणि चित्राच्या कडेला उभी असलेली माणसे? लग्नाच्या पंगतीत वाढणारी बाई, मुलांना कडेवर घेतलेली मोलकरीण, गाडीपाशी उभा असलेला ड्रायव्हर, फॅक्टरीतील समूहचित्राच्या शेवटच्या रांगेतील कामगार? यंत्र त्यांचेही चेहरे शोधून नाव विचारते आणि आपण बहुधा ‘दुर्लक्ष करा’ ही कळ दाबतो. ‘कामवाली’ असे लिहून मोकळे होणे म्हणजे वॉटसन आणि के यांच्या खंडांतील रीत आपल्या घरात चालू ठेवणे आहे. वीस वर्षे घरात राबलेल्या बाईचे नाव घरातल्या कोणाला तरी ठाऊक असते. ते विचारून लिहावे. तिच्या घरी कदाचित तिचे एकही जुने छायाचित्र नसेल; आपल्या अल्बममधील ते एकमेव असेल.

एवढ्या कष्टाने दिलेली नावे कोठे साठतात, हे पाहिले नाही तर सारे वाया जाऊ शकते. पिकासाचेच उदाहरण घेऊ. तिने नावे दीर्घकाळ चित्रांच्या फाइलमध्ये न लिहिता आपल्या स्वतंत्र नोंदवहीत ठेवली. फाइलमध्ये लिहिण्याची सोय पुढे आली, पण ती मुद्दाम निवडावी लागे. २०१६ च्या मार्चमध्ये गूगलने पिकासा बंद केली. ज्यांनी ती सोय निवडली नव्हती त्यांच्याजवळ चित्रे राहिली; नावे मात्र त्या बंद पडलेल्या आज्ञावलीच्या वहीत अडकली. फेसबुकने २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये आपली चेहरा ओळखण्याची सोय बंद करण्याचे आणि शंभर कोटींहून अधिक लोकांच्या चेहऱ्यांच्या आकडेमाळा पुसून टाकण्याचे जाहीर केले. तो निर्णय लोकांच्या खासगीपणाच्या दृष्टीने योग्यच होता. पण दुसऱ्याच्या घरात ठेवलेली वस्तू त्याच्या निर्णयावर अवलंबून असते, हेही त्यातून दिसले. गूगल फोटोज किंवा मोबाइलमधील चित्रसंग्रह यांत आपण चेहऱ्यांना जी नावे देतो तीही बहुतांशी त्या सेवेच्या खात्यात राहतात, चित्राच्या फाइलमध्ये उतरत नाहीत.

म्हणून नावे फाइलमध्येच लिहिणारी आज्ञावली निवडावी. ‘डिजिकॅम’ ही विनामूल्य व मुक्त आज्ञावली ते करते. मात्र तिच्या मांडणीत ‘फाइलमध्ये लिहा’ हा पर्याय चालू आहे ना, हे प्रथम पाहावे. तेथे नामखूण केली की नावासोबत चेहऱ्याभोवतीच्या चौकटीचे स्थानही साठते. चित्राची रुंदी आणि उंची प्रत्येकी एक धरून चौकटीचा मध्य कोठे आहे ते अपूर्णांकांत लिहिले जाते. यामुळे चित्र लहान-मोठे केले तरी चौकट जागेवर राहते. पण चित्र कापले तर अपूर्णांक तेच राहून चेहरा सरकतो, आणि काकांचे नाव मागच्या कुंडीला लागते. म्हणून कापणे, फिरवणे ही कामे आधी उरकावीत आणि नामखुणा नंतर कराव्यात. संगणकावर काहीच बसवायचे नसेल तर विंडोजमध्ये जेपीजी फाइलवर माउसची उजवी कळ दाबून ‘प्रॉपर्टीज’मधील ‘डिटेल्स’ या पानावर ‘टॅग्ज’ नावाचा रकाना आढळतो. त्यात अर्धविराम देऊन व्यक्तीचे नाव व सूचकशब्द लिहिता येतात. चौकट मिळणार नाही, पण नाव फाइलमध्ये राहील. समूहचित्र असेल तर वर्णनात ‘डावीकडून उजवीकडे, मागची रांग’ अशी जुनी वृत्तपत्री रीत अजूनही उत्तम.

शेवटचा प्रश्न ही चित्रे इतरांना देण्याचा. अधिमाहितीसह चित्र दिले की नावे जातात, आणि त्यांच्यासोबत घराचे अक्षांश-रेखांश आणि मुलांची नावेही जातात. भारतात २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. व्यक्तीने निव्वळ घरगुती कारणासाठी केलेल्या वापराला तो लागू नाही. तेव्हा आपल्या अल्बममध्ये नावे लिहिताना कायद्याचे भय बाळगण्याचे कारण नाही. पण अल्बम आणि सार्वजनिक फलक यांत फरक आहे. नावासह चित्र घराबाहेर जाणार असेल तर ज्याचे चित्र त्याला विचारावे, आणि कोणी आपले नाव नको म्हटले तर कारण न विचारता ते काढावे. सार्वजनिक ठिकाणी चित्र टाकण्यापूर्वी स्थानाची नोंद पुसलेली प्रत वेगळी करावी.

नातेवाइकांना देताना अडचण नेमकी उलटी असते. व्हॉट्सॲपवर चित्र नेहमीच्या रीतीने पाठवले तर ती सेवा चित्र लहान करते आणि अधिमाहिती काढून टाकते. साताऱ्याच्या चुलत भावाला चित्र मिळते, पण आजीने आठवून आठवून सांगितलेले एकही नाव त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. तेच चित्र ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवले तर मूळ फाइल जशीच्या तशी जाते. संग्रह मोठा असेल तर पेनड्राइव्हवर मूळ फाइली, सूचकशब्दांच्या वहीची प्रत आणि अनोळखी व्यक्तींची यादी असे तिन्ही एकत्र द्यावे. ‘अनोळखी २’ हा साताऱ्याच्या घरात कोणाच्या तरी ओळखीचा असण्याचा संभव पुष्कळ असतो.